खळीतले स्फटिक

माझ्या टेबलाच्या खणात १९८७ सालचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. मधाच्या पोळ्याची आठवण व्हावी अशी एकाला एक लागून भोके, त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ भिंती, आणि खालच्या कोपऱ्यात लांबी मोजण्यासाठी छापलेली पांढरी रेघ. मक्याच्या स्टार्चपासून तयार केलेल्या हायड्रोजेलचा तो पृष्ठभाग आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तेव्हा आम्हाला दुसऱ्या शहरात जावे लागे. तारीख मिळायला महिने लागत आणि दिवसभरात जेमतेम चार-पाच नमुने पाहून होत. छायाचित्र हातात पडले तेव्हा मी ते घरी नेऊन आईला दाखवले होते. ती म्हणाली, "जाळी पडलेल्या अनारशासारखं दिसतंय."

हायड्रोजेल हा शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या घरातली आहे. वजनात बहुतेक सगळे पाणीच, तरीही जो ओतता येत नाही, वाटी उपडी केली तर वाटीचा आकार घेऊन उभा राहतो, असा पदार्थ म्हणजे हायड्रोजेल. कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक थंड झाल्यावर, चायना ग्रासची वडी, कपड्यांना घालायची दाट खळ, पेरूची जेली ही सगळी वनस्पतींपासून किंवा समुद्री शेवाळापासून मिळालेली हायड्रोजेले. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात स्टार्चपासून असा एक पदार्थ केला होता, जो स्वतःच्या वजनाच्या कित्येक शेपट पाणी शोषून घेई. ७२चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या पिढीला त्याची भुरळ पडली नसती तरच नवल. जमिनीत असे काही मिसळले तर एक पाऊस चार दिवस अधिक पुरेल, या आशेने मी पीएच.डी.साठी तो विषय घेतला.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे छायाचित्र उचलले, चष्मा कपाळावर नेऊन ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही भोकं जेलची आहेत की बर्फाची?"

मला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट म्हणजे मला प्रश्नच नीट कळला नाही. पुढे तो कळावा म्हणून मी मागे मागे वाचत गेलो, आणि त्या वाचनातून जो इतिहास हाती आला तो इथे मांडतो आहे. जेल आतून कसे असते आणि वरून कसे दिसते, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली. दुसऱ्याचे उत्तर मिळूनही आपण ते सारखे विसरतो.

ग्रॅहम यांची रेघ

थॉमस ग्रॅहम हे ग्लासगोत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अठरा वर्षे शिकवल्यावर १८५५ साली ते सरकारी टांकसाळीचे प्रमुख झाले आणि नाणी पाडण्याच्या कामाबरोबर प्रयोगही करत राहिले. द्रवात पदार्थ कसे पसरतात हा त्यांचा आवडता विषय होता. १८६१ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला त्यातले मुख्य उपकरण आपल्या पिठाच्या चाळणीसारखे होते. एका कड्यावर चर्मपत्री कागद ताणून बसवायचा, त्यात द्रावण ओतायचे आणि ते पाण्यावर तरंगत ठेवायचे. साखर आणि मीठ कागदातून खाली उतरत. डिंक, स्टार्च, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक हे वरच राहत. या गाळण्याच्या रीतीला त्यांनी 'डायलिसिस' म्हटले. आज मूत्रपिंडाच्या रुग्णाला परिचित असलेला शब्द तो हाच.

या प्रयोगावरून ग्रॅहम यांनी सृष्टीतील पदार्थांची दोन कुळे केली. कागदातून सहज उतरणारे पदार्थ बहुधा स्फटिक बनवणारे निघाले, म्हणून ते स्फटिकाभ. मागे राहणारे पदार्थ सरसासारखे, चिकट आणि आकारहीन. सरसाच्या ग्रीक नावावरून त्यांना 'कोलॉइड' म्हटले गेले, आपल्या परिभाषेत कलिल. स्फटिकाला कोन आणि कडा असतात, तो कठीण आणि स्थिर असतो. कलिल मऊ असते, पाणी धरते आणि हळूहळू बदलत राहते. प्राण्यांचे आणि वनस्पतींचे शरीर कलिलांचे असते, म्हणून जीवनाच्या हालचालीचे मूळही याच अस्थिर अवस्थेत असावे असे त्यांना वाटे. 'हायड्रोजेल' हा शब्दही त्यांचाच. सिलिकेच्या जेलविषयी लिहिताना १८६४ साली त्यांनी तो वापरला.

ग्रॅहम रेघ ओढून थांबणारे नव्हते. १८६१च्याच निबंधात त्यांनी जेलच्या आत मीठ कसे पसरते हे पाहिले. त्यासाठी त्यांनी जे जेल घेतले ते जपानहून येणाऱ्या एका पदार्थाचे होते. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन यांनी दोनच वर्षांपूर्वी त्याच्यातील जेल करणाऱ्या द्रव्याला 'जेलोज' असे नाव दिले होते. समुद्री शेवाळापासून निघणारा हा पदार्थ म्हणजे आजचे आगर, आपले चायना ग्रास. शंभर भागांत दोन भाग जेलोज घालून केलेल्या त्या घट्ट वडीतून मीठ जवळजवळ साध्या पाण्यातल्याइतक्याच वेगाने पसरले. म्हणजे जेल हाताला घन लागते, पण आत शिरलेल्या लहान रेणूच्या दृष्टीने ते पाणीच असते. या निरीक्षणात एक प्रश्न दडलेला होता. दोन टक्के द्रव्य अठ्ठ्याण्णव टक्के पाण्याला जागच्या जागी कसे धरून ठेवते? ग्रॅहम यांच्या वर्गीकरणात याचे उत्तर नव्हते, कारण त्यांच्या मते जेल आणि स्फटिक यांची सोयरीकच होत नव्हती.

नेगेली यांचे विटकाम

खरे तर उत्तराचा एक धागा ग्रॅहम यांच्या निबंधाआधी तीन वर्षे छापून झाला होता, पण तो वनस्पतिशास्त्राच्या कपाटात होता. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८५८ साली स्टार्चच्या कणांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष ज्यांना पत्राने कळवले आणि ज्यांना त्यांचे मोल उमगले नाही, ते हेच नेगेली. त्यांच्या नावावर तो एक डाग कायमचा बसला आहे. स्टार्चच्या बाबतीत मात्र त्यांची नजर फार पुढे गेली होती.

बटाट्याच्या स्टार्चचा कण ध्रुवित प्रकाशात पाहिला तर उजळ कणावर काळी फुली दिसते. असे दिसण्यासाठी आतले द्रव्य एका शिस्तीत मांडलेले असावे लागते. शिवाय सुका कण पाण्यात फुगतो आणि वाळला की पुन्हा आकसतो. यावरून नेगेली यांनी तर्क केला की कण अतिशय बारीक स्फटिकांचा रचलेला आहे, आणि पाणी या स्फटिकांच्या आत न जाता त्यांच्या मधल्या फटीत शिरते. विटा तशाच राहतात, सांध्यांतला चुना मात्र फुगतो. पुढे या कणांना त्यांनी 'मिसेल' म्हटले. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ चुरा किंवा कण असा आहे.

म्हणजे ग्रॅहम ज्याला स्फटिकाच्या विरुद्ध टोकाला बसवत होते त्याच स्टार्चमध्ये नेगेली स्फटिक पाहत होते. दोघांची पुस्तके एकाच दशकातली, पण वाचक वेगळे. पुढची पन्नास वर्षे ग्रॅहम यांच्या बाजूची गेली. कलिलांचे शास्त्र फोफावले आणि नेगेली यांचे मिसेल ही जुन्या काळची कल्पना ठरली. तर्क कितीही चांगला असला तरी ते स्फटिक कोणाला दाखवता येत नव्हते.

दाखवण्याचे साधन १९१२ साली म्यूनिकमध्ये मिळाले. स्फटिकातून क्ष-किरण गेले की पलीकडच्या छायाचित्रपट्टीवर ठरावीक ठिपके उमटतात, हे लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढच्याच वर्षी तोक्योत शोजी निशिकावा आणि ओनो यांनी बांबू आणि रेशीम असले तंतुमय पदार्थ क्ष-किरणांसमोर धरले, आणि त्यांतूनही आकृती उमटली. निशिकावा यांना या वाटेला लावणारे तोराहिको तेरादा हे पदार्थवैज्ञानिक होते, तसेच कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचे शिष्य आणि जपानीतले नावाजलेले ललित निबंधकारही. खडबडीत बांबूत स्फटिक शोधावासा वाटणे हे मला निबंधकाराच्या कुतूहलाचेच काम वाटते.

१९१६ साली डिबाय आणि शेरर यांनी स्फटिकाची नुसती पूड असली तरी आकृती मिळते हे दाखवले. पुडीतून ठिपक्यांऐवजी वर्तुळे मिळतात. १९१८ साली शेरर यांनी त्यात भर घातली. वर्तुळाची रेषा जितकी पसरट, तितका आतला स्फटिक लहान. आता इतक्या बारीक स्फटिकांचेही माप घेता येऊ लागले की जे कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसणार नव्हते. नेगेली यांना जाऊन तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती.

पावाचे शिळेपण

या साधनाचा सर्वांत मार्मिक उपयोग, माझ्या मते, हॉलंडमध्ये झाला. तिथे प्रश्न विज्ञानाचा नव्हता, भट्टीवर रात्र काढणाऱ्या कामगारांच्या झोपेचा होता.

युरोपात सकाळी ताजा पाव हवा म्हणून बेकरीतले लोक रात्रभर राबत. ही रात्रपाळी बंद करा अशी मागणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोर धरत होती. मालकांचे म्हणणे साधे होते. दुपारी भाजलेला पाव सकाळपर्यंत शिळा होतो आणि गिऱ्हाईक तो घेत नाही. मग शिळेपण म्हणजे नेमके काय, आणि ते टाळता येते का, हा रसायनशास्त्राचा प्रश्न झाला. ॲमस्टरडॅमचे जे. आर. काट्झ यांनी तो हाती घेतला. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या डच ग्रंथाच्या नावातच पावाचे शिळे होणे आणि बेकरी कामगारांची रात्रपाळी हे दोन्ही विषय शेजारी शेजारी आहेत.

पाव वाळतो म्हणून शिळा होतो, ही सर्वसाधारण समजूत. ती खोटी असल्याचे फ्रान्समध्ये बूसिंगो यांनी १८५२ सालीच दाखवले होते. पाणी उडून जाणार नाही अशा बंद नळीत ठेवलेला पावही शिळा झाला, आणि तोच बंद नळीत साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवल्यावर पुन्हा मऊ झाला. काट्झ यांनी तापमानाचा हा धागा पुढे नेला. साठ अंशांच्या वर ठेवलेला पाव शिळा होतच नाही. थंडीत शिळेपण वाढते आणि गोठणबिंदूच्या जरा वर ते सर्वांत वेगाने येते. त्याहून खूप खाली नेऊन पाव पक्का गोठवला की ते पुन्हा थांबते. उरलेला पाव आपण आज फ्रिजमध्ये ठेवतो, तेव्हा त्याला बुरशीपासून वाचवतो आणि शिळेपणाच्या तोंडी देतो.

हॉलंडमध्ये १९१९च्या कामगार कायद्याने बेकरीतील रात्रीच्या कामावर बंदी आली. १९२५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही तशा आशयाचा करार संमत केला. हे यश कामगारांच्या दीर्घ लढ्याचे होते, त्याचे श्रेय प्रयोगशाळेला देणे बरोबर नाही. पण 'पाव शिळा होणारच, त्याला इलाज नाही' हे दैवाचे बोलणे प्रयोगाने मोडून काढले, एवढे म्हणता येईल.

नंतर काट्झ यांनी त्याच प्रश्नाला क्ष-किरण लावले. गव्हातल्या कच्च्या स्टार्चची एक आकृती येते. तिला त्यांनी 'ए' म्हटले. तांदूळ आणि मका यांचीही तीच. बटाट्याची वेगळी, ती 'बी'. डाळी-कडधान्यांत दोन्हींची सरमिसळ. धान्य पाण्यात शिजले की मूळची रचना मोडते आणि आकृती पुसट होते. ताज्या पावात तसेच दिसले. मात्र पाव एक-दोन दिवस ठेवला की नव्या रेषा उमटू लागल्या. चमत्कार असा की त्या गव्हाच्या नव्हत्या, बटाट्याच्या होत्या. शिजून मोकळे झालेले स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा एकत्र येतात, पण जुन्या घरी परतत नाहीत. आजूबाजूला भरपूर पाणी असल्याने ते पाणी सामावून घेणारी दुसरीच रचना करतात. या दोन रचनांचा रेणूपातळीवरचा नकाशा १९८८ साली फ्रान्समध्ये तयार झाला. दोन्हींत स्टार्चच्या साखळ्या दोरीच्या पिळासारख्या जोडीने गुंफलेल्या असतात. ग्लुकोजच्या बारा घटकांमागे 'ए' रचनेत पाण्याचे चार रेणू बसतात, तर 'बी'मध्ये छत्तीस.

हे वाचताना मला आमच्या घरच्या चिकाची आठवण होई. सकाळी तूप-साखर घालून खाल्लेला ऊन चीक पळीतून ओघळतो. उरलेला संध्याकाळी वडीसारखा कापता येतो, त्याच्या कडेला थोडे पाणी सुटलेले असते. पाणी कुठे उडून गेलेले नसते. साखळ्या जवळ येऊन स्फटिकांत बसू लागल्या की त्यांना आधी धरलेले सगळे पाणी पेलत नाही. शिळा भात फोडणीला टाकला की पुन्हा मऊ होतो, याचेही कारण हेच. स्टार्चच्या फांद्या असलेल्या रेणूंनी केलेले स्फटिक साठ अंशांच्या आसपास वितळतात. सरळ साखळ्यांचे स्फटिक मात्र शंभर अंशांच्याही वर टिकतात, म्हणून फोडणीचा भात कितीही चविष्ट झाला तरी ताज्या भातासारखा होत नाही. आपल्या बायकांनी ही गोष्ट हाताने जाणली होती. काट्झ यांनी ती पट्टीवर उमटवली.

दशा आणि गाठी

काट्झ यांच्या कामाने ग्रॅहम यांची रेघ पुसली गेली. स्टार्चचे जेल जुने होत जाते तसतसे ते स्फटिकमय होते. पण मूळ प्रश्न शिल्लक होता. स्फटिक असतील, पण ते सगळ्या पाण्यातून पसरलेला सांगाडा कसा उभा करतात? सुटे स्फटिक तर तळाशी बसायला हवेत.

इथे १९२०च्या दशकातला मोठा वाद आडवा येतो. श्टाउडिंगर म्हणत होते की सेल्युलोज आणि स्टार्च हे हजारो घटकांच्या लांब साखळ्या आहेत. विरोधक म्हणत, क्ष-किरणांत स्फटिकाचे मूळ घर तर इवलेसे दिसते, त्यात एवढा रेणू मावेल कसा? कॅलिफोर्नियातले स्पॉन्सलर आणि डोर यांनी १९२६ साली वाट दाखवली. रेणूने एका घरात मावायची गरज नाही, तो एका घरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा सरळ जाऊ शकतो.

त्यावरून १९३० साली गेर्नग्रॉस, हेरमान आणि आबिट्झ यांनी जिलेटिनसाठी एक चित्र मांडले, जे नंतर सेल्युलोज आणि स्टार्चलाही लागू झाले. लुगड्याच्या पदराला दशा सुटलेल्या असतात तसे. कापडाचा विणलेला भाग म्हणजे स्फटिक, तिथे धागे शिस्तीत. पुढे तेच धागे सुटे होऊन लोंबतात. फरक इतकाच की इथे एका स्फटिकातून सुटलेल्या दशा पुढे जाऊन दुसऱ्या स्फटिकात विणल्या जातात. असे विणलेले तुकडे म्हणजे जाळ्याच्या गाठी, मधले सुटे धागे म्हणजे जाळे, आणि जाळ्याच्या पोकळीत पाणी. दोन टक्के आगर अठ्ठ्याण्णव टक्के पाणी पेलते ते असे. गाठ नसती तर सगळे वाहून गेले असते, आणि सगळीच गाठ असती तर पाण्याला जागा उरली नसती.

आगराच्या गाठी कशाच्या, यावर १९७४ साली अरनॉट, रीस आणि सहकाऱ्यांनी जोडपिळांचे चित्र मांडले. त्यावर पुढे मतभेद झाले, पण पीळ एकमेकांना चिकटून जुड्या होतात हे मान्य राहिले. आगर एकदा गोठले की वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या पुढे जावे लागते, आणि वितळलेले आगर पुन्हा गोठते चाळीसच्या खाली. जुड्या बांधणे आणि त्या सोडवणे या दोन वेगळ्या कष्टांच्या गोष्टी आहेत. याच गुणामुळे फानी हेसे यांनी १८८१ साली आपल्या संशोधक पतीला जिलेटिनऐवजी आगर सुचवले. स्वयंपाकघरात त्यांना ते ठाऊक होते. कोख यांच्या प्रयोगशाळेतून ते जगभर गेले, आणि जंतूंच्या वाढीसाठी आजही बशीत तेच ओतले जाते.

आकड्याचा मोह

गाठी किती आणि सुटे धागे किती, हे सांगणाऱ्या मापाला स्फटिकता म्हणतात. सांगायला सोपे, मोजायला अवघड. १९५९ साली अमेरिकेत कापसावर काम करणारे सेगल आणि सहकारी यांनी एक सुटसुटीत रीत दिली. क्ष-किरणांच्या आलेखातल्या सर्वांत उंच शिखराची उंची घ्यायची, शिखरांमधल्या दरीची उंची त्यातून वजा करायची आणि शेकडा काढायचा. पट्टी आणि पेन्सिल एवढ्यावर काम होते. म्हणून ती जगभर पसरली आणि मीही तीच वापरली.

ती रीत कापसाच्या नमुन्यांची आपापसात तुलना करण्यासाठी होती. स्टार्च, केळीच्या खुंटाचे तंतू, कशाच्याही जेलला ती लावून दशांशचिन्हापुढे दोन आकडे लिहिणे हा पुढच्या लोकांचा उत्साह. २०१० साली अमेरिकी संशोधकांनी बाजारात मिळणारे एकच शुद्ध सेल्युलोज घेऊन त्याची स्फटिकता वेगवेगळ्या रीतींनी काढली. एका रीतीने ती साठ टक्क्यांच्या आत आली, तर शिखराच्या उंचीच्या रीतीने नव्वदच्या पुढे. पदार्थ तोच, पुडी तीच. मी माझ्या प्रबंधात लिहिलेले आकडे आठवून त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

जेलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाण्याने भरलेल्या जेलमधून क्ष-किरण नेले तर पाण्याचीच पसरट छाया सगळीकडे पडते. म्हणून नमुना वाळवतात. आणि वाळवताना जेल बदलते. साखळ्या जवळ येतात, नवे स्फटिक जन्माला येतात. जे मोजायचे तेच मोजण्याच्या तयारीत तयार होते.

बर्फाचे ठसे

आता माझ्या छायाचित्राकडे येतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हवा काढून घेतलेली असते, तिथे ओला नमुना टिकत नाही. १९६५ साली केंब्रिजमध्ये तयार झालेला पृष्ठभाग दाखवणारा सूक्ष्मदर्शक बाजारात आला, तेव्हापासून जेलवाल्यांपुढे हाच प्रश्न आहे. उन्हात किंवा भट्टीत वाळवले तर पाण्याची मागे सरकणारी पातळी नाजूक भिंतींना खेचते आणि सगळे कोसळून चपटे होते. वाळलेली कुरडई हाताला काचेसारखी लागते ती यामुळे. म्हणून आम्ही नमुना गोठवत असू आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करत असू. आकार टिकतो, नमुना हलका फुलका राहतो. आम्हाला वाटे, जेल जसेच्या तसे मिळाले.

तसे होत नाही. पाणी गोठताना शुद्ध बर्फाचे स्फटिक वाढतात आणि साखळ्यांना बाजूला रेटतात. दोन बर्फस्फटिकांच्या मध्ये चेपला गेलेला लगदा म्हणजे छायाचित्रातली भिंत. बर्फ उडून गेला की त्याची रिकामी जागा म्हणजे भोक. जेलचे खरे जाळे त्याहून शेकडो पट बारीक असते आणि ते या भिंतींच्या आत चिणलेले राहते.

गंमत अशी की जपानला ही गोष्ट सतराव्या शतकापासून माहीत होती. क्योतोजवळच्या एका खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली हिवाळ्यात बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वितळली, आणि काही दिवसांनी तिचा पांढरा सच्छिद्र पापुद्रा झाला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, रीत खरी आहे. तिथल्या थंड भागांत आगर असेच गोठवून वाळवत. त्याचे जपानी नाव 'कान्तेन', म्हणजे थंडीतले आकाश. ग्रॅहम यांच्या लंडनमधल्या प्रयोगाचे जेलोज याच घराण्यातले. त्यातली छिद्रे बर्फाने पाडलेली आहेत याबद्दल ते करणाऱ्या शेतकऱ्याला कधी शंका नव्हती. शंका यायला हवी होती ती सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या आम्हाला.

मार्ग नव्हते असेही नाही. १९३१ साली सॅम्युअल किस्टलर यांनी जेलमधल्या द्रवाला तापमान आणि दाब वाढवून अशा अवस्थेत नेले की जिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही. सीमा नाही म्हणून खेच नाही. अशा रीतीने त्यांनी सिलिका, सेल्युलोज, आगर यांची जेले न कोसळता कोरडी केली आणि सांगाडा सलग असतो हे सिद्ध केले. १९८१ साली दुबोशे आणि मॅकडॉवल यांनी पाणी इतक्या झटकन थंड केले की त्याला बर्फ व्हायला सवडच मिळाली नाही, ते काचेसारखे गोठले. त्या वाटेवरच्या कामासाठी दुबोशे यांना २०१७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे माझ्या छायाचित्राच्या सहा वर्षे आधी उत्तर छापलेले होते.

परीक्षकांनी मला नापास केले नाही. त्यांनी एक काम दिले. एकाच जेलचे तीन तुकडे कर, एक साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सावकाश गोठव, दुसरा मीठ-बर्फात, तिसरा द्रव नायट्रोजनमध्ये, आणि पुन्हा छायाचित्रे घे. सूक्ष्मदर्शकाची तारीख मिळायला पाच महिने लागले. पहिल्या तुकड्यात ऐसपैस दालने होती, दुसऱ्यात खोल्या, तिसऱ्यात मुंगीची बिळे. जेल एकच होते. माझ्या प्रबंधातले चौथे प्रकरण, ज्यात भोकांचा आकार आणि पाणी शोषण्याची क्षमता यांचा संबंध जोडला होता, मी काढून टाकले आणि त्या जागी ही तीन छायाचित्रे लावली. पदवी एक वर्ष लांबली.

पण मूळचा मजकूर एका नियतकालिकात त्याआधीच छापून आला होता. त्यात भोकांचा सरासरी व्यास आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. दुरुस्ती पाठवावी असे मनात आले होते. नोकरीची खटपट सुरू होती, मार्गदर्शक निवृत्त होत होते, आणि 'एवढ्या लहान लेखाला कोण विचारतो' असे म्हणून मी ते राहू दिले. मी लिहिलेल्यांपैकी इतरांनी सर्वाधिक वेळा आधारासाठी घेतलेला लेख तोच आहे. गेल्या वर्षी एका तरुण संशोधिकेने केळीच्या खोडापासून केलेल्या हायड्रोजेलवरचा आपला निबंध माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. त्यात तेच पोळे होते, भोकांचा सरासरी व्यास होता, आणि तो माझ्या आकड्याशी जुळतो असे समाधानाने म्हटले होते. जुळणारच. दोघांचे फ्रिज सारख्याच वेगाने थंड होत असणार.

मी तिला फोन केला आणि आधी माझी गोष्ट सांगितली. मग तिला विचारले, नमुना कसा गोठवला? ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, ते मी लिहिलंच नाहीये. लिहायला हवं होतं का?" आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी तीन तुकड्यांचा तोच प्रयोग आखला आहे. आणि माझ्या जुन्या लेखाची दुरुस्ती, सदतीस वर्षे उशिरा, मी त्या नियतकालिकाकडे पाठवली आहे. सोबत ती तीन छायाचित्रे जोडली आहेत, आणि प्रत्येकीखाली नमुना किती वेगाने गोठवला ते लिहिले आहे.